शोरूमच्या एस्टिमेटमधली कुठली ओळ खोडायची?

गाडीच्या दुरुस्तीचं एस्टिमेट हातात पडलं की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "साहेब, काहीतरी कमी करा." मग लेबरवर थोडी सूट मिळते आणि माणूस खूश होऊन किल्ली देऊन येतो. पैसे दरात कमी आणि यादीत जास्त मुरलेले असतात. जे काम करायचंच नव्हतं, त्यावर दहा टक्के सूट घेऊन काय करणार?

गाडी वॉरंटीत असेल तर दुरुस्ती तिच्यात बसते का, ते लेखी विचारा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर हे झिजणारे भाग सहसा बसत नाहीत.

जॉबकार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना भरतात त्या कामाच्या कागदावर, सही करण्याआधी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहा: विचारल्याशिवाय जादा काम करू नये, आणि काढलेले जुने भाग परत हवेत. समोरचा आपल्याशी मराठीत गोड बोलतो म्हणून तोंडी 'हो' म्हणू नका. मंजुरी व्हॉट्सअॅपवरच द्या. एस्टिमेट नुसत्या एकूण रकमेचं घेऊ नका. प्रत्येक ओळीत पार्ट नंबर, एमआरपी आणि लेबर वेगळं हवं.

आता खरं काम, यादी वाचणं. इथे घाई केली की पैसे गेलेच.

आधी बाटल्या आणि फवारे बघा: इंजिन फ्लशिंग, डिकार्बनायझिंग (इंजिनातली काजळी काढणं), एसी डिसइन्फेक्शन, इंजेक्टर क्लीनर. गाडीच्या पुस्तिकेतलं देखभालीचं वेळापत्रक उघडा. त्यात नाही आणि गाडीची तशी तक्रारही नाही, तर खोडा. अंडरबॉडी कोटिंगचं थोडं वेगळं आहे. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीला ते उपयोगी पडतं, पण दर सर्व्हिसिंगला नाही, आणि उन्हाळ्यात चेसिस धुऊन पूर्ण वाळवल्यावरच. ओल्या चिखलावर मारलेलं कोटिंग आत पाणी कोंडतं आणि गंज वरून दिसतही नाही.

मग लेबर. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली उतरतो. तो उतरला की रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील, क्रँकचं मागचं ऑइल सील सगळं समोर येतं. तरीही सीलच्या ओळीत गिअरबॉक्स उतरवण्याचं लेबर पुन्हा धरलेलं सापडतं. सरळ विचारा: गिअरबॉक्स किती वेळा उतरवणार? लोअर आर्म आणि शॉकअॅब्सॉर्बर एकाच वेळी बदलताना व्हील अलाइनमेंटही एकदाच लागतं. जिथे टायमिंग बेल्टच वॉटर पंप फिरवतो, तिथे दोन्हींची उघडझाक एकच.

सगळ्यात मोठी रक्कम 'असेंब्ली', म्हणजे अख्खा जोडलेला संच, या शब्दामागे असते. रबरी बुश गेलाय आणि यादीत तो ज्यात बसतो तो चाकाजवळचा अख्खा लोअर आर्म. अल्टरनेटरमधला (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातला) ब्रश किंवा रेग्युलेटर गेलाय आणि यादीत नवा अल्टरनेटर. काही गाड्यांना बुश सुटा मिळतच नाही, तेव्हा शोरूमच्या सर्व्हिस अॅडव्हायझरचं म्हणणं खरंही असू शकतं. म्हणून पार्ट नंबर घेऊन स्पेअर्सच्या काउंटरवर विचारा. अल्टरनेटर मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय बदलू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत असतील तर चार्जिंग होतंय; मग दोष बॅटरीत किंवा वायरिंगमध्ये शोधा.

'झिजलंय' हा शब्द मोजल्याशिवाय मान्य करू नका. ब्रेक डिस्कची किमान जाडी तिच्यावर मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायला सांगा आणि समोर उभे राहा. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचंच. चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. पुरेशी जाडी शिल्लक असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट, करून घेता येतं. फेसिंगनंतर किमान जाडीच्या खाली जाणार असेल तर नवीच घ्या, तीही जोडीने.

आणि एक सक्त ताकीद: ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टमध्ये डुप्लिकेट माल नको. बिल कमी करायची ही जागा नाही. क्लचमध्ये लूक, व्हॅलिओ, एक्सेडीसारख्या मूळ उत्पादकाच्या खोक्यातला माल खुशाल घ्या, पण खात्रीच्या दुकानातून आणि पक्क्या बिलावर.

"गाडी अशी चालवणं धोक्याचं आहे" असं म्हणाले तर तेच वाक्य जॉबकार्डवर लिहून मागा. खरा धोका असेल तर लगेच लिहून देतील, आणि मग गाडी हलवू नका.

दुसरं एस्टिमेट घेताना पहिला आकडा सांगू नका, फक्त तक्रार सांगा. कोल्हापूर स्वस्त असतं असं बेळगावात सर्रास ऐकू येतं. कंपनीच्या अस्सल भागाची छापील किंमत दोन्हीकडे तीच, फरक पडला तर लेबरमध्ये. निपाणीहून कोल्हापूर जवळ, त्यामुळे निपाणीकरांनी जरूर जावं. बेळगावहून शंभरेक किलोमीटर जायचं तर काम तेवढं मोठं हवं.

बिलावर कर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. लेबरवरही १८. एमआरपीत कर धरलेला असतो, त्यामुळे मूळ दर अधिक कर छापील किमतीच्या वर गेला तर वरची रक्कम देऊ नका.

ऐकलं नाही तर जॉबकार्ड नंबर घालून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

काम न करता गाडी परत नेणार असाल तर तपासणीचे पैसे मागतात. तो आकडा गाडी आत सोडण्यापूर्वीच विचारून ठेवा, पावती घ्या, आणि उघडलेले सगळे भाग पुन्हा बसवून बोल्ट आवळल्याचं बघूनच गेटबाहेर पडा.