विरक्ती आणि भक्तीसाठी आध्यात्मिक वाचन

नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात प्रार्थनेसाठी जाणाऱ्या, पण दुकान, नोकरी आणि घर यांत दिवस संपणाऱ्या श्रद्धावंताने सुरुवात सेंट फ्रान्सिस दि सेल्स यांच्या १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ’ या भक्तिमार्गावरील ग्रंथाने करावी, कारण तो मठवासीयांसाठी नव्हे, तर संसारात राहणाऱ्यांसाठी लिहिला आहे. त्यानंतर थॉमस अ केम्पिस यांचा ‘इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’ (ख्रिस्ताचे अनुकरण) हा पंधराव्या शतकातील ग्रंथ घ्यावा. त्याच्या चार भागांपैकी पहिल्या भागात २५ लहान प्रकरणे आहेत आणि चौथा भाग पवित्र ख्रिस्तशरीर संस्काराविषयी असल्याने मिस्साच्या, म्हणजे हा संस्कार जिथे होतो त्या चर्चमधील उपासनेच्या, आदल्या संध्याकाळी वाचण्यास योग्य आहे.

रोज एकच प्रकरण, ठरलेल्या वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून वाचावे. मनाला भिडलेल्या वाक्यापाशी थांबावे, ते पुन्हा वाचावे, त्यावर चिंतन करावे, मग स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करून काही काळ शांत बसावे. बाराव्या शतकातील मठवासी गुइगो दुसरा यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या चार पायऱ्या अशाच सांगितल्या आहेत. पाने मोजण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तोही एक प्रकारचा संग्रहच आहे.

विरक्ती म्हणजे घरदार सोडणे नव्हे, तर वस्तू, मान आणि स्वतःचा हट्ट यांना देवाच्या जागी न बसवणे होय. म्हणून वाचनानंतर त्या दिवशी सोडायची एक लहान गोष्ट वहीत लिहावी. मराठीची गोडी असलेल्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातील ओव्या मोठ्याने वाचाव्यात.