गावच्या उमेदवाराचा निवडणूक खर्च कसा मागवायचा

ग्रामपंचायतीचा गुलाल धुऊन झाला की गाव निवडणूक विसरतं. उमेदवाराला मात्र, मग तो पडलेला का असेना, निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. नाही दिला, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब खाली ५ वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. म्हणून माहिती अधिकारात हिशोबाच्या नकलेइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, कामाची ठरते ती हिशोब न देणाऱ्यांची यादी.

निकालानंतर विसाव्या दिवशी अर्ज टाकलात तर ‘अद्याप प्राप्त नाही’ असं उत्तर येईल, आणि ते खरंच असेल. चाळीसएक दिवस थांबा. पण वर्ष घालवू नका. निवडणुकीचे कागद कायम जपून ठेवत नाहीत.

अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. पत्ता ‘जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय, मिरज’ असा. शिराळा, तासगाव, जत, जो तुमचा तालुका असेल तो. अधिकाऱ्याचं नाव शोधत बसायची गरज नाही.

महाराष्ट्राच्या नियमानुसार विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. अर्ज फसतात ते इथेच. ‘अमक्याने एवढा पैसा कुठून आणला?’ हा प्रश्न झाला, माहिती नव्हे. असा अर्ज निकाली निघायला वेळ लागत नाही. कागद मागा, आणि नेमका मागा:

‘मौजे (गाव) ग्रामपंचायत सार्वत्रिक निवडणूक, (वर्ष): १) सर्व उमेदवारांनी सादर केलेल्या खर्च हिशोबाच्या, बिलांसह, छायांकित प्रती. २) विहित मुदतीत हिशोब सादर न केलेल्या उमेदवारांची यादी. ३) त्यांच्यावरील कार्यवाहीसाठी वरिष्ठ कार्यालयास पाठवलेल्या पत्राची प्रत.’

अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. पैसे भरा असं पत्र आलं की भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. पण मुदत टळल्यावर प्रती मिळाल्या, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(६) प्रमाणे त्या फुकट. ‘हा विषय आमच्याकडे नाही’ म्हणून अर्ज परत आला तर कलम ६(३) दाखवा: ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचंच काम. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर अपिलात लिहा, की हिशोब कायद्यानेच द्यायला लावलेला आहे. बँक खात्याचा क्रमांक झाकायचा तर झाका, कलम १० प्रमाणे उरलेला भाग द्या.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा आलं ते अर्धवट, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील: जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. नकार आला असेल तर अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील त्या पत्रातच असायला हवा. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे; आपल्या सांगली जिल्ह्यासाठी ते पुण्याचं. तिथे तारीख पडायला बराच काळ लागतो, तेव्हा पोच, पाकीट आणि पावत्या एकाच फाइलीत लावून ठेवा.