टेपवरची फाइल परत येत नसेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर जुन्या हिशेबाची फाइल संगणकाच्या बॅकअप टेपवरून काढायची होती. ‘टेप गेली हो, तीनदा लावून बघितली,’ असं मालकांनी दारातच सांगून टाकलं. टेप ठणठणीत होती. बहुतेक वेळा असंच निघतं, म्हणून टेपवर खापर फोडण्याआधी पुढच्या क्रमाने बघा.

पहिलं काम, काडतुसाचा, म्हणजे टेपच्या डबीचा, लाल खटका सरकवून कुलपाच्या खुणेवर आणा. गाण्यांच्या कॅसेटची मागची खुंटी मोडायचो ना, तोच प्रकार. आता चुकूनही वर काही लिहिलं जाणार नाही. टेपला पुराचं पाणी लागलं असेल तर ती ड्राइव्हमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या यंत्रात, घालूच नका आणि हेअर ड्रायरनेही वाळवू नका. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

मग टेपची आणि ड्राइव्हची पिढी जुळते का ते बघा. एलटीओ हा अशा टेपचा प्रकार, पुढचा आकडा पिढीचा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतात. एलटीओ-८ चा ड्राइव्ह मात्र फक्त ७ आणि ८ च वाचतो, एलटीओ-६ ची टेप त्यात चालत नाही. सफाईचा दिवा लागला असेल तर क्लीनिंग काडतूस एकदा फिरवा. उगाच रोज नको, त्याने हेड घासतं.

आता पेढीवरची खरी भानगड. लिनक्सवर एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’. एसटी० म्हणजे रात्री डेपोत परतणारा लाल डबा: प्रत्येक कमांड संपली की टेप गुंडाळून पुन्हा सुरुवातीला. एनएसटी० ही मुक्कामी गाडी, जिथं पोचली तिथंच थांबते. पेढीच्या टेपवर एकापाठोपाठ दोन बॅकअप होते आणि हवी ती फाइल दुसऱ्यात. पेढीवरचा मुलगा एसटी० वापरून दरवेळी पहिलाच बॅकअप वाचत होता. एनएसटी० घ्या, टेप पुढेमागे करणाऱ्या ‘एमटी’ कमांडने टेप रिवाइंड करा, तिलाच ‘एफएसएफ १’ देऊन पहिल्या बॅकअपच्या शेवटची खूण ओलांडा आणि मग बॅकअप वाचणाऱ्या ‘टार’ कमांडने आतल्या फाइलींची नुसती यादी काढा. यादी बघून झाली की पुन्हा रिवाइंड करून पहिल्यापासून मोजा. टेप नेमकी कुठं थांबलीय याचा अंदाज बांधू नका.

यादीच येत नाही आणि ‘मेमरी मिळत नाही’ असा एरर दिसतो? लगेच रॅम घ्यायला धावू नका. टेपवरचा ब्लॉक, म्हणजे एका दमात लिहिलेला तुकडा, टारच्या नेहमीच्या १०,२४० बाइटपेक्षा मोठा असला की हाच एरर येतो. ‘एमटी’ने ‘सेटबीएलके ०’ द्या, म्हणजे ड्राइव्ह कुठल्याही आकाराचा ब्लॉक वाचेल. मग रिवाइंड करून, ‘डीडी’ या नक्कल करणाऱ्या कमांडला १ एमबीचा आकार सांगून, एकच ब्लॉक फाइलमध्ये उतरवा. त्या फाइलचा आकार म्हणजेच ब्लॉकचा आकार. त्याला ५१२ ने भागा: ६५,५३६ आला तर १२८. हा आकडा टारच्या ‘बी’ पर्यायाला द्या. बॅकअप विकतच्या सॉफ्टवेअरने घेतला असेल तर बहुधा टारचा उपयोग नाही, त्याच सॉफ्टवेअरमध्ये टेपचा कॅटलॉग, म्हणजे आतल्या फाइलींची नोंद, नव्याने वाचून घ्यावा लागतो.

फाइल काढताना नाव यादीत दिसतं तसंच लिहा. टार सुरुवातीची तिरकी रेघ (/) गाळतो, आणि तुम्ही ती लिहिलीत तर तेवढ्यावरून ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो. उतरवायचीही वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये, नाहीतर चालू वर्षाच्या फाइलवर जुनी बसायची.

पेढीची फाइल उघडली तेव्हा चहा गार झाला होता. निघताना टेपच्या लेबलवर लिहून आलो, ‘बॅकअप दुसरा, ब्लॉक १२८’, आणि टेप माळ्यावरच्या कपाटात ठेवायला सांगितली. २०१९ चा कृष्णेचा पूर बघितलेल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागलं नाही.