मुलग्यांचे बाप: बांगड्यांपासून सातबाऱ्यापर्यंत

मुलाला समानतेवर भाषण देऊ नका. दहा-अकरा वर्षांचा झाला की चार बांगडे साफ करायला द्या, आणि शिकवायचं बापानेच. आईने शिकवलं तर ते आईचंच काम राहतं.

विळी नको, कात्री आणि सुरी घ्या. सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे फिरवून खवले काढायचे, पर छाटायचे, कल्ले ओढून काढायचे, पोट चिरून आतडी काढायची. कण्यालगतचं काळं रक्त अंगठ्याने घासून धुवायचं. ते राहिलं तर कढीला उग्र वास येतो. खरी चूक पुढे होते. मुलगा हात धुऊन उठतो आणि खवल्यांनी भरलेली मोरी आई घासते. मोरी घासणं, घाण बाहेर नेणं हे बांगडे साफ करण्यातच धरा. बहिणीला त्याबद्दल शाबासकी मिळत नसेल तर त्यालाही नको. 'आईला मदत केलीस' तर मुळीच नको; जेवणार तोही आहे.

पोरगा पडून रडला की कुणीतरी आजोबा म्हणणारच, 'चेडवासारखो (मुलीसारखा) रडतस काय?' तिथल्या तिथे, त्याच्यासमोर सांगा, "लागलाहा तेका, रडान्दे." मागाहून आजोबांना बाजूला घेऊन समजावलंत तर पोराच्या कानावर काहीच पडत नाही.

नाक्यावरही तसंच. मुलीवरून कुणी काही बोललं तर हसू नका. "ह्येच्यात हसण्यासारख्या काय आसा?" एवढंच विचारा नि गप्प राहा. विनोद समजावून सांगावा लागला की तो मरतो. वादात मात्र शिरू नका, तिथे मोठ्या आवाजाचा जिंकतो. हातात मोबाइल आला की मुलाला हेही स्पष्ट सांगा: मुलीने नको म्हटल्यावरही तिच्या मागे मागे फिरणं किंवा ऑनलाइन पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 3 वर्षांपर्यंत कैद.

गणपतीत चाकरमानी आले की पुरुष आधी जेवतात, बायका सगळ्यांत शेवटी, गार भात. यंदा वाढायला मुलगे उभे करा, पहिल्या पंगतीला आई-काकू. हे महिनाभर आधी भावांशी फोनवर ठरवा. चतुर्थीच्या दिवशी काढलंत तर भांडण नक्की.

आणि हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने मिळकतीतला हिस्सा सोडल्याचा कागद. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, तरी 'ताई, फक्त सही कर' चालूच असतं. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीच्या अर्जात बहिणींची नावं घाला. पुढे हिस्सा ठेवायचा की सोडायचा, ते मुलाची आत्या ठरवेल.