नवा कंपायलर वापरून बघताय? मग हे वाचा

नवा कंपायलर (आपला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) लावून जुना प्रोजेक्ट पहिल्यांदा बिल्ड केला, म्हणजे सगळ्या कोडचा प्रोग्रॅम बनवला, की स्क्रीनभर वॉर्निंगा धावत सुटतात. नवख्यांच्या पोटात गोळा येतो. मला मात्र तो क्षण मनापासून आवडतो, कारण वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नजरेखालून गेलेल्या कोडमध्ये कुणालाच न दिसलेलं काहीतरी आता दिसणार असतं. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये नुकतंच काम सुरू केलं असेल आणि कंपायलर बदलायची हौस असेल, तर ती दाबू नका. फक्त तिला नीट कामाला लावा.

आम्ही जीसीसी या कंपायलरवरून क्लँग या दुसऱ्या कंपायलरकडे वळलो. जीसीसी १९८७ पासून आहे, रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेला. क्लँग ज्यावर उभा आहे तो एलएलव्हीएम हा कंपायलर बांधण्यासाठीचा संच ख्रिस लॅटनर यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू केला आणि क्लँगचा कोड २००७ मध्ये खुला झाला. क्लँगकडे लोक ओढले गेले त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याचे एरर मेसेज. चुकलेली ओळ जशीच्या तशी दाखवायची, नेमक्या जागेखाली खूण करायची, नाव लिहिताना अक्षर चुकलं असेल तर बरोबर नाव सुचवायचं. पुढे २०१३ मध्ये जीसीसीच्या ४.८ आवृत्तीतही ओळ आणि खूण दिसू लागली. या चुरशीत फायदा आपलाच झाला. म्हणून ‘दोघांत भारी कोण’ या वादात मी पडत नाही. दोन्ही इन्स्टॉल करा आणि दोन्हींवर बिल्ड करा, खरी मजा त्यात आहे.

आमच्याकडचंच एक उदाहरण. एका फंक्शनला प्रकार आणि लांबी अशी दोन आर्ग्युमेंट जात होती, आणि दोन्ही जागी ‘फाइलमधला पुढचा बाइट वाच’ असा कॉल होता. जीसीसीवर सगळं सुरळीत. क्लँगवर मात्र लांबीच्या जागी प्रकार आणि प्रकाराच्या जागी लांबी यायला लागली, टेस्ट धडाधड पडल्या. टीममध्ये लगेच सूर निघाला की क्लँगमध्ये बग आहे. प्रत्यक्षात आर्ग्युमेंटांमधला कोणता कॉल आधी करायचा हे भाषेचं स्टँडर्ड ठरवूनच देत नाही. तिथे जीसीसी उजवीकडून सुरुवात करत होता आणि क्लँग डावीकडून. दोघंही नियमात होते, नियमाबाहेर होता तो आमचा भरवसा. दोन्ही वाचनं वेगवेगळ्या ओळींवर घेतली, व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि प्रश्न मिटला. एकाच कंपायलरवर राहिलो असतो तर हे कधीच कळलं नसतं!

ती ओळ सापडली कशी, तेही सांगते, कारण ही युक्ती पुढे खूप उपयोगी पडते. लिनक्सवर या दोघांनी तयार केलेल्या सीच्या ऑब्जेक्ट फाइल (एकेका कोड फाइलपासून बनलेले तुकडे) एकमेकींशी सहसा बिनदिक्कत लिंक होतात, म्हणजे जोडून एकच प्रोग्रॅम बनतो. मग अर्ध्या फाइल जुन्या कंपायलरने बनवायच्या, अर्ध्या नव्याने. टेस्ट पडली तर गडबड नव्या अर्ध्यात, नाही पडली तर उरलेल्या अर्ध्यात. असं निम्मं निम्मं करत गेलं की हजार फाइलींतून हवी ती फाइल साधारण दहा फेऱ्यांत हाती लागते. सी प्लस प्लसमध्ये मात्र दोन्हीकडे स्टँडर्ड लायब्ररी एकच आहे ना, हे आधी बघा. नाहीतर हे तुकडे जोडणारा लिंकर न सापडलेल्या सिम्बॉलांची, म्हणजे नावांची, लांबलचक यादी तोंडावर फेकतो.

नव्या कंपायलरवर काही चुकलं की बहुतेक वेळा दोष कोडचाच निघतो. साइन्ड (ऋणही असू शकणारा) पूर्णांक ओव्हरफ्लो झाला का, म्हणजे मर्यादेबाहेर गेला का, हे तो झाल्यानंतर तपासणारी अट ऑप्टिमायझर (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) सरळ उडवू शकतो, कारण भाषेच्या मते तसा ओव्हरफ्लो होणारच नाही. म्हणून कंपायलरवर बग नोंदवण्याआधी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर ही प्रोग्रॅम चालू असताना चुका पकडणारी साधनं लावून सगळ्या टेस्ट चालवा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरमुळे प्रोग्रॅम साधारण दुप्पट वेळ घेतो, पण मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि सोडल्यावर कुणी हात लावला, हे तो ओळ क्रमांकासकट सांगतो. डीबगरमध्ये घालवायचा अख्खा दिवस वाचतो.

आवृत्ती बदलणं हासुद्धा कंपायलर बदलण्याचाच प्रकार. आधी जाहीर न केलेलं फंक्शन कॉल केलं तर क्लँग १६ (२०२३) आणि जीसीसी १४ (२०२४) पासून वॉर्निंगवर भागत नाही, थेट एरर येतो. काहींना हा जाच वाटतो. मला तो फार योग्य निर्णय वाटतो. अशा फंक्शनचा निकाल इंट (साधा पूर्णांक) आहे असं कंपायलर गृहीत धरायचा. फंक्शन खरं तर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत असेल, तर ६४ बिटी मशीनवर त्याचे निम्मे बिट गळून पडायचे, आणि प्रोग्रॅम कोसळायचा तो भलत्याच ठिकाणी.

बारीकसारीक गोष्टी: बिल्डची मांडणी करणारं सीमेक हे साधन वापरत असाल तर नव्या कंपायलरसाठी बिल्ड फोल्डरही नवं घ्या, जुन्यात आधीचा कंपायलर लक्षात ठेवलेला असतो. वॉर्निंगांना एरर मानणारा फ्लॅग पहिल्या दिवशी लावू नका. बिल्डचा वेग मोजायचा असेल तर ऑप्टिमायझेशनची पातळी दोन्हीकडे तीच ठेवा आणि कॅशे रिकामी करा.

राहिली टीम. ‘कंपायलर बदलूया’ असा प्रस्ताव घेऊन गेलात तर रिलीजच्या तारखांची सबब पुढे केली जाईल. आधी नव्या कंपायलरने दाखवलेल्या खऱ्या चुका दुरुस्त करून पाठवा, त्या जुन्या बिल्डलाही लागू असतात. मग सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी व्यवस्था) दुसरा बिल्ड जोडा. सुरुवातीला तो पडला तरी कुणाचं मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) अडवू नका. तो सतत हिरवा राहायला लागला की सक्तीचा करा. आमच्याकडे असंच झालं, आणि जीसीसीचा बिल्ड आजही शेजारी चालू आहे.

आता वेध लागलेत जीसीसी १५ चे. त्यात सीची डीफॉल्ट आवृत्ती सी २३ (सी भाषेचं नवं स्टँडर्ड) झाली आहे. बूल (खरं-खोटं साठवणारा प्रकार) हा आता कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द, आणि फंक्शनचे रिकामे कंस म्हणजे आर्ग्युमेंट नाहीच. आमच्या जुन्या हेडरांमध्ये स्वतःचा बूल ठरवणाऱ्या ओळी अजून शिल्लक आहेत. त्या काढायला मी सुरुवातही केली आहे.