युद्धाला उतावळ्या पुढाऱ्यावर दहा मिनिटांचे प्रहसन कसे लिहावे

गणेशोत्सवाच्या मंडपात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात बसवता येईल, असे हे प्रहसन आहे. चार पात्रे, दोन खुर्च्या, एक टेबल. बाज लोकनाट्याचा ठेवा. राजा, प्रधान आणि सोंगाड्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाहीत, आणि पहिले मिनिट ओळखी करून देण्यात वाया जात नाही. प्रसंगासाठी २००२-०३ मधली इराक युद्धाची तयारी घेऊ. सद्दाम हुसेन यांच्या इराककडे संहारक शस्त्रे आहेत असे सांगून अमेरिका आणि ब्रिटनने केलेले हे युद्ध. त्या काळातल्या बहुतेक गोष्टी तारीखवार नोंदलेल्या आहेत, आणि काही तर इतक्या हास्यास्पद आहेत की लेखकाला फारसे करायला उरत नाही.

पहिली पायरी : पुढाऱ्याची भीती ठरवा

प्रहसन युद्धावर लिहायचे नाही. युद्धात माणसे मरतात, तिथे हसू येत नाही आणि येऊही नये. प्रहसन उतावीळपणावर लिहायचे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा हा राजा. त्याला शत्रूची भीती नाही. वाटाघाटी यशस्वी होतील याची भीती आहे. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा : ‘शांतता होऊ घातली आहे आणि राजाला ती कशीही करून टाळायची आहे.’ ज्या संवादाचा या वाक्याशी संबंध नाही तो कितीही विनोदी असला तरी नंतर कापायचा आहे.

दुसरी पायरी : दोन रकान्यांची वही

डाव्या रकान्यात काय म्हटले गेले, उजव्या रकान्यात काय घडले. दोन्हीकडे तारीख हवीच. इराकपुरती वही साधारण अशी दिसेल.

सप्टेंबर २००२ : युद्धाचा प्रचार आत्ताच का सुरू झाला, यावर व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांचे उत्तर, विपणनाच्या दृष्टीने नवा माल ऑगस्टमध्ये बाजारात आणत नाहीत. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारच्या अहवालात दावा, की इराकला काही संहारक शस्त्रे ४५ मिनिटांत सज्ज करता येतात. उजवीकडे : हा दावा रणांगणावर वापरायच्या दारूगोळ्याबद्दल होता, हे पुढे चौकशीत निघाले.

५ फेब्रुवारी २००३ : अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकच्या शस्त्रांचा धोका पटवायला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत चिमूटभर पांढरी भुकटी असलेली इवलीशी कुपी उंचावून दाखवतात. त्याच सुमारास परिषदेच्या दालनाबाहेर टांगलेली, पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्राची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकलेली. कारण सांगितले गेले, टीव्ही कॅमेऱ्यांना मागे सोयीची पार्श्वभूमी हवी.

मार्च २००३ : फ्रान्सचा युद्धाला विरोध म्हणून अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहात ‘फ्रेंच फ्राइज’चे नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’.

ही शेवटची नोंद जशीच्या तशी वापरा, तिच्यावर विनोद करू नका. वास्तवाने विनोद पूर्ण केलेला असतो तिथे लेखकाने आणखी मीठ घातले की पदार्थ खारट होतो. प्रधानाने गंभीर चेहऱ्याने फर्मान वाचावे, बस्स.

तिसरी पायरी : शांतता तीनदा येऊ द्या

सांगाडा इतकाच. तीनदा शांततेची बातमी येते, तिन्ही वेळा राजा ती हुकवतो, आणि दर वेळी त्याचे कारण आधीपेक्षा तकलादू होते. हे तिन्ही टप्पे इतिहासात तयार आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये इराकने संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासनीसांना पुन्हा आत घेतले. डिसेंबरमध्ये आपल्या शस्त्रांविषयी सुमारे १२,००० पानांचे निवेदन सादर केले. मार्च २००३ मध्ये ‘अल समूद २’ ही इराकची क्षेपणास्त्रे तपासनीसांसमोर मोडायला सुरुवात झाली. मुख्य तपासनीस हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्चला सांगितले, की उरलेल्या कामाला वर्षे नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील. १७ मार्चला अमेरिकेकडून सद्दामला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली गेली आणि २० मार्चला हल्ला सुरू झाला.

दुसऱ्या टप्प्यासाठी रंगमंचावर रद्दीचा गठ्ठा आणा. राजा त्याला हात न लावता म्हणतो, ‘एवढं लिहिलंय म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोय.’ गठ्ठा छोटा असता तर ‘एवढंच? म्हणजे लपवतोय’ हे वाक्य तयार होतेच; सोंगाड्याने ते हळूच प्रेक्षकांना सांगावे.

चौथी पायरी : राजाच्या तोंडी ‘शांतता’ हाच शब्द

नव्या लेखकांचे गाडे इथेच अडते. राजा असा बोलतो :

‘मला युद्ध हवं! रक्त हवं! सत्तेसाठी मी काहीही करीन!’

असे कोणताही पुढारी बोलत नाही, म्हणून प्रेक्षक हसत नाही. खरा पुढारी ‘युद्ध हा अखेरचा पर्याय आहे’ असे म्हणतो आणि घड्याळ पाहतो. त्यामुळे नियम असा की राजाने युद्धाची मागणी एकदाही करायची नाही. त्याची घाई त्याच्या प्रश्नांतून कळली पाहिजे. तिसरा टप्पा मग असा होतो :

प्रधान : महाराज, शुभवार्ता! शेजारच्या राजानं तोफा मोडायला काढल्या.
राजा : (दचकून) किती मोडल्या?
प्रधान : सकाळपासून सहा.
राजा : अरे, आवरा त्याला! आपण शांतता घेऊन पोचेपर्यंत काही शिल्लक ठेवील का नाही तो?
सोंगाड्या : महाराज, आपल्यातल्या चार देऊन येऊ का त्याला?

शेवटचे वाक्य निव्वळ थट्टा नाही. डिसेंबर १९८३ मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड अमेरिकेचे दूत म्हणून बगदादला गेले होते आणि सद्दाम हुसेन यांच्याशी हस्तांदोलन करतानाचे त्यांचे चित्रण आहे. वीस वर्षांनी युद्धाच्या वेळी तेच संरक्षणमंत्री होते. सोंगाड्याचे प्रत्येक वाक्य वहीतल्या एखाद्या नोंदीवर उभे राहिले पाहिजे. मग कोणी आक्षेप घेतला तर तारीख सांगता येते.

चौथे पात्र दूताचे. तो हुशार नको, वक्ता तर मुळीच नको. कृष्णशिष्टाई सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे दूत आला की लेखकाचा हात लांब भाषणाकडे वळतो. आपला दूत कंटाळलेला, काटेकोर कारकून ठेवा : ‘अजून तीन कोठारं बघायची राहिलीत, सही करा.’ त्याचा संथपणा आणि राजाची घाई समोरासमोर आली की हशा आपोआप पिकतो.

काय बिघडते

शत्रुपक्षाचा राजा बिचारा निष्पाप होतो. हे खोटे आहे आणि प्रहसनालाही मारक. सद्दामच्या राजवटीने १९८८ मध्ये इराकमधल्याच हलब्जा शहरात कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. म्हणून त्याला मंचावर आणूच नका, फक्त त्याच्या बातम्या येऊ द्या. एका वाक्यात ‘तो काही साधू नाही’ हे दूताकडून म्हणवून घ्या. युक्तिवाद त्यामुळे भक्कम होतो.

सैनिकाची टिंगल होते. सैनिक निर्णय घेत नाही, त्याच्यावर एकही विनोद नको. शेवटी रडणारी वीरपत्नी आणून टाळ्या घेणे हाही त्यातलाच प्रकार.

नावे घ्यायची की नाही? माझे मत, मंचावर नको. ‘राजा’ म्हटले की प्रेक्षक आपापल्या डोक्यातला चेहरा लावतो. आणि खऱ्या माणसाच्या तोंडी काल्पनिक वाक्य घातले की विडंबन आणि अफवा यांतला फरक मिटतो, विशेषतः कोणी मोबाइलवर तीस सेकंदांचा तुकडा फिरवला तर.

वस्तू मागच्या रांगेतून दिसत नाहीत. कुपी पहिल्या चार रांगांपुरतीच. म्हणून पहिल्या टप्प्यात औषधाची बाटली, दुसऱ्यात सरबताची, तिसऱ्यात लोणच्याची बरणी. तिन्हींत तांदळाचे पीठ. पुरावा कमी होत जातो तशी बाटली मोठी होत जाते. झाकणे घट्ट लावा, पिठावर पाय घसरतो. निळ्या चादरीचा पडदा दोघांनी धरायचा, आणि राजा ‘शांतता’ म्हणेल तेव्हाच वर करायचा.

शेवट

जिंकल्यावर थांबू नका, जिंकल्यानंतर शोधाशोध दाखवा. १ मे २००३ ला विमानवाहू जहाजावर ‘मोहीम फत्ते’ अशा अर्थाचा फलक लागला, पण संहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. मार्च २००४ मध्ये पत्रकारांच्या मेजवानीत अध्यक्ष बुश यांनी आपल्याच कार्यालयात फर्निचरखाली शस्त्रे शोधतानाची छायाचित्रे विनोद म्हणून दाखवली. प्रहसनात राजा टेबलाखाली वाकतो, प्रधान खुर्चीखाली, आणि दूत येऊन शांतपणे विचारतो, ‘माझी यादी राहिली होती इथं, सापडली का?’ तिथेच अंधार. यापुढे एक शब्दही नको.

तालीम

दहा मिनिटांना हजार ते अकराशे शब्द बसतात. हशाची जागा धरून नऊशेच लिहा. पहिले वाचन अशा माणसासमोर करा ज्याला इराकचे काहीच आठवत नाही. त्याला समजावे लागले तर ती नोंद काढा किंवा प्रधानाच्या तोंडी अर्ध्या ओळीत उलगडा. कोट्या फार झाल्या की राजाची घाई मंदावते. एका पानाला एक पुरे.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. त्यासाठी प्रयोगाच्या बरेच दिवस आधी संहिता पक्की हवी, आणि मंजुरीनंतर तीत ऐनवेळी वाक्ये घालू नयेत. सोंगाड्याचे काम करणाऱ्याला हे दोनदा सांगा.