कंपनीच्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग: किती उतरायचं आणि बसवायचं कसं

पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा पिळता आडवा दांडा) अशी साधी हॅचबॅक असेल तर कंपनीच्या शॉकअपवर २५, फार तर ३० मिलिमीटर खाली नेणाऱ्या स्प्रिंग चालतात. ४५-५० उतरायचं असेल तर आखूड शॉकअपही सोबतच घ्या, नाहीतर तेच काम सहा महिन्यांत पुन्हा निघेल.

कारण शॉकअपच्या नळीत आत-बाहेर होणाऱ्या रॉडमध्ये आहे. गाडी ३० मिलिमीटर बसली की रॉडही जवळपास तेवढाच कायमचा आत जातो. उभ्या गाडीत बंप स्टॉप (रॉडवरचा रबरी ठोकळा) आणि शॉकअपचं डोकं, म्हणजे नळीचं वरचं टोक, यांत आधी ५० मिलिमीटर जागा असेल, तर आता २० उरली. पहिल्याच खड्ड्यात ती संपते आणि गाडी रबरावर आपटते. लोक म्हणतात, ‘स्प्रिंग फार कडक निघाल्या.’ बहुतेक वेळा तो बंप स्टॉप असतो. दुसरी अडचण गाडी परत वर येतानाची. स्प्रिंग २० टक्के कडक झाली तर तिला आवरायला डॅम्पिंग (झुलणं थांबवणारा शॉकअपचा विरोध) साधारण १० टक्के जास्त लागतं. चांगल्या शॉकअपमध्ये तेवढं निभतं. तेल पाझरत असेल किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोनदा झुलत असेल, तर आधी शॉकअप बदला.

स्प्रिंग आपल्याच मॉडेलची आणि इंजिनाची घ्या. डिझेलचं नाक जड असतं. चाक पूर्ण लोंबकळत असतानाही स्प्रिंग दोन्ही बैठकींत थोडी दाबलेली राहिली पाहिजे. मूळ स्प्रिंग कापून घेणं इथेच फसतं: वेटोळं कमी झालं की स्प्रिंग कडक होते, कापलेलं टोक बैठकीत बसत नाही, आणि चाक हवेत गेलं की ती जागा सोडते.

काम सुरू करण्याआधी सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा, नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांच्या जागेवर खूण करा, मग स्ट्रट काढा. स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोर लावून आळीपाळीने थोडा थोडा आवळा. स्प्रिंग बैठकीत सैल हलायला लागेपर्यंत वरच्या नटाला हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. आणि त्या नटावर इम्पॅक्ट गन नको. रॉड फिरतो, सील जातं. रॉड ॲलन कीने धरा आणि नट हाताने सोडा.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग आणि बेअरिंग बोटाने फिरवून पाहा, करकरत असेल तर आत्ताच बदला. बंप स्टॉप कापायचा तो फक्त स्प्रिंगवाल्याने माप दिलं असेल तर, आणि जाड बाजूने. निमुळतं टोक तसंच ठेवा. बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेला बरोबर टेकलं पाहिजे. बोटभर जरी मागे राहिलं तरी स्टीअरिंग वळवताना ‘टण्’ आवाज येतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बुशचे (सांध्यातल्या रबरी बैठकींचे) बोल्ट सैल केले असतील तर शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी करूनच द्या. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर तोही जुळवून घ्या, नाहीतर गाडीत माल आहे असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. मग हेडलाइटची उंची, आणि ३००-५०० किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट. टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) चुकला तर टायरची कड खाल्ली जाते.

गतिरोधकांचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा अडचणीचा नसतो. पोट घासतं ते वस्तीतल्या अरुंद उंचवट्यांवर, चौघं बसलेले असताना.

म्हणून शेवटची चाचणीही चौघांसह करा. मागच्या शॉकअपच्या रॉडवर, धूळकव्हर वर सारून, एक बारीक केबल टाय गुंडाळा, शॉकअपच्या डोक्याला टेकवा आणि रोजच्या रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन या. टाय बंप स्टॉपपर्यंत सरकला असेल, तर त्या गाडीला मागे एवढं उतरवणं झेपत नाही.